घड्याळ चुकले, दार बंद!

भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली आली. पण मुंबईची स्थानिक वेळ, ३९ मिनिटे मागे असलेली, १९५५ पर्यंत टिकून राहिली. एका घड्याळात बारा, तर दुसऱ्यात अकरा एकवीस!

असाच घोळ आज कचेरीतील संगणकांत होतो. पासवर्ड बरोबर असूनही प्रवेश मिळत नाही आणि बिचारा कारकून स्वतःलाच दोष देतो. अनेक कचेऱ्यांत कर्बेरॉस ही पद्धत असते. तीत प्रत्येक संगणक आपल्या विनंतीवर वेळेचा शिक्का मारतो. सर्व्हरच्या घड्याळाशी साधारणतः पाच मिनिटांहून अधिक फरक पडला, की विनंती नाकारली जाते. जुनी विनंती चोरून कोणी पुन्हा वापरू नये, म्हणून हा पहारा.

उपाय सोपा आहे. प्रथम तारीख, वर्ष व प्रमाणवेळ पाहावी. मग घड्याळ सर्व्हरशी जुळवावे. संगणक बंद केल्यावर वेळ पुन्हा चुकत असेल, तर आतील बटनसेल बदलावा. सगळेच संगणक अडले, तर सर्व्हरचेच घड्याळ तपासावे.

माणसाला अडाणी ठरविण्यापूर्वी घड्याळ पाहावे, हेच खरे!