व्हांसचें प्रार्थनामंदिर : तीन रंग आणि प्रकाश

विद्यार्थिमित्रहो, देवमंदिर म्हटलें कीं उंच शिखर, कोरीव खांब आणि सोन्यारुप्याची आरास आपल्या डोळ्यांपुढें उभी राहते. युरोपांतील कित्येक जुन्या ख्रिस्तमंदिरांचा थाटहि असाच आहे. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्स देशाच्या दक्षिणेस, नीस शहराजवळील व्हांस या गांवीं, असें एक लहानसें प्रार्थनामंदिर उभें राहिलें कीं ज्यांत यांपैकीं जवळजवळ कांहींच नाहीं. पांढऱ्या भिंती, काळ्या रेषा आणि तीन रंगांच्या कांचा, एवढेंच त्याचें वैभव. तरीहि देशोदेशींचे लोक तें पाहावयास जातात. इतक्या अल्प साहित्यांतून इतका आनंद कसा निर्माण झाला, तें आपण या लेखांत पाहूं.

या मंदिराचे कर्ते हेन्री मातिस हे फ्रान्सचे थोर चित्रकार. त्यांचा जन्म १८६९ सालचा. १९४१ सालीं त्यांच्यावर पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली. जीव वांचला, पण पुढील आयुष्याचा बराच भाग अंथरुणांत व चाकांच्या खुर्चींत गेला. १९४२ सालीं रात्रींच्या शुश्रूषेसाठीं मोनिक बुर्ज्वा नांवाची एक तरुण परिचारिका त्यांच्याकडे आली. पुढें ती डॉमिनिकन पंथाची धर्मभगिनी झाली आणि तिनें सिस्टर जॅक-मारी हें नांव घेतलें. व्हांस येथें मातिस यांच्या घराजवळच तिच्या संघाची वास्तु होती. तेथील प्रार्थनास्थानासाठीं खिडकीचें एक चित्र काढून तिनें तें १९४७ सालीं त्यांस सल्ल्यासाठीं दाखविलें. त्या लहानशा चित्रापासून सबंध मंदिराची कल्पना वाढीस लागली. त्या वेळीं मातिस ७७ वर्षांचे होते. ब्रदर रेसिग्ये या तरुण डॉमिनिकनानें आराखड्याच्या कामीं साह्य केलें, व ओग्युस्त पेरे या नामांकित वास्तुशिल्पज्ञानें सल्ला दिला.

काम सुरू झालें तशी टीकाहि सुरू झाली. मातिस नेमानें धर्माचरण करणारे नव्हते. त्यांचे स्नेही पिकासो यांना चित्रकारानें प्रार्थनामंदिर उभारावें हेंच रुचलें नाहीं. उलट श्रद्धावंतांपैकीं कित्येकांना हीं चित्रें ओबडधोबड वाटलीं. मातिस यांनीं दोन्हीकडचें बोलणें ऐकून घेतलें आणि हातांतील काम चालू ठेविलें.

प्रथम खिडक्या पाहूं. त्यांत निळा, हिरवा आणि पिवळा हे तीनच रंग आहेत. रंगविलेले कागद कात्रीनें कापून मातिस यांनीं त्यांचे नमुने तयार केले. एक पुरा झालेला नमुना त्यांस बाजूस ठेवावा लागला. कारण कांचा जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्यांचा विचार त्यांत झाला नव्हता. त्यांनीं पुन्हां नव्यानें आरंभ केला. वेदीमागील खिडकीचें नांव ‘जीवनवृक्ष’ असें आहे. तिच्यांतील पानें फड्या निवडुंगाच्या फडांसारखीं दिसतात. निळी व हिरवी कांच पारदर्शक आहे. पिवळी मात्र मुद्दाम खरखरीत केलेली आहे. तिच्यांतून प्रकाश येतो, पण पलीकडचें कांहीं दिसत नाहीं. त्यामुळें पाहणाऱ्याची दृष्टि बाहेर भटकत न जातां आंतच स्थिरावते.

या कांचांत तांबडा रंग मुळींच नाहीं. असें असूनहि आंतील शुभ्र फरशीवर व भिंतींवर प्रकाश पडला कीं कधीं कधीं गुलाबी-जांभळी झांक भासते. याचें एक कारण आपल्या डोळ्यांतच आहे. हिरव्या कागदाकडे थोडा वेळ टक लावून पाहा आणि मग पांढऱ्या भिंतीकडे पाहा. तेथें गुलाबीसर छाया दिसेल. चित्रकारानें न वापरलेला रंग पाहणाऱ्याचा डोळा आपण होऊन पुरवितो.

खिडक्यांसमोरच्या बाजूस चकचकीत पांढऱ्या फरश्यांवर केवळ काळ्या रेषांनीं संत डॉमिनिक आणि बालयेशूसह पवित्र मरिया यांचीं चित्रें काढलीं आहेत. त्यांच्या चेहऱ्यांवर नाक, डोळे, ओठ कांहींच नाहीं. मागील भिंतीवर क्रूसाच्या वाटेचे चवदाहि प्रसंग एकाच चौकटींत आहेत. तेथील रेषा तुटक व घाईच्या भासतात. कारण दुःखाचें चित्र सुबक असावें असें त्यांना वाटलें नाहीं. भाजण्यापूर्वीं त्या फरश्यांवर चित्रें काढण्याकरितां मातिस लांब बांबूच्या टोंकास कुंचला बांधीत. हात थरथरे, परंतु रेषा डळमळली नाहीं. कारण तिच्यामागें असंख्य रेखाटनांचा सराव होता.

वास्तूची रचनाहि विचारपूर्वक आहे. सभामंडप एका अंगास आणि धर्मभगिनींचीं आसनें दुसऱ्या अंगास असल्यामुळें वेदी तिरकी बसविली आहे. त्यायोगें धर्मगुरु दोघांसहि सन्मुख राहतो. वेदीचा दगड भाकरीच्या रंगाचा निवडला आहे. छपरावर निळीं-पांढरीं कौलें असून त्यावर उंच, नाजुक लोखंडी क्रूस आहे. धर्मगुरूंचीं उपासनेचीं वस्त्रेंसुद्धां मातिस यांनींच योजिलीं.

डिसेंबर १९४९ मध्यें कोनशिला बसली आणि २५ जून १९५१ रोजीं मंदिराचें पवित्रीकरण झालें. प्रकृतीमुळें मातिस त्या समारंभास जाऊं शकले नाहींत. १९५४ सालीं ते निवर्तले. आपल्या सर्व कामांत हें काम ते श्रेष्ठ मानीत, जरी त्यांतील उणिवा त्यांस ठाऊक होत्या.

मित्रहो, साधनें थोडीं आहेत म्हणून काम अडलें, असें आपण पुष्कळदां म्हणतों. येथें तर शरीर दुबळें, रंग तीन, जागा लहान. आणि कामाचें मूळ कोणा श्रीमंताच्या आज्ञेंत नसून, आजारपणांत झालेल्या सेवेच्या स्मरणांत होतें. अनावश्यक तें निर्धारानें वगळल्यामुळें सूर्यप्रकाशास तेथें जागा मिळाली. आपल्या वहींतील एखादें चित्र किंवा निबंध पुरा करतांना, आणखी काय घालावें याबरोबरच काय वगळावें, हाहि प्रश्न आपण स्वतःस विचारीत जावा.