इंटर्नशिप कांद्याची, साखरेची आणि फ्रिजचीही

इंटर्नशिप म्हटलं की आपली गाडी रांजणगाव किंवा कुरकुंभ एमआयडीसीच्या गेटवर जाऊन थांबते. कंपनीचं लेटर मिळवलं, चार आठवडे शॉप फ्लोअरवर फिरलं, रिपोर्ट बाइंड केला, झालं! पण शिरूर-दौंडचा माल देशाबाहेर जायचा की नाही आणि कोणत्या भावात, हे त्या गेटच्या आत ठरत नाही. ते ठरतं व्यापार धोरणात. आणि मित्रांनो, त्या विषयातही इंटर्नशिप असते. ती फक्त कॉमर्स आणि लॉवाल्यांची, हा आपला गोड गैरसमज.

कांद्याचंच घ्या. शिरूर तालुक्यात कांद्याच्या चाळी आहेत, दौंडच्या केडगाव बाजारात लिलाव होतात. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य आलं. ८ डिसेंबरला निर्यातच बंद. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. आता कॅल्क्युलेटर काढा. ५५० वर ४० टक्के म्हणजे २२०, एकूण ७७० डॉलर. डॉलर ८३ रुपये धरला तर किलोला जवळपास ६४ रुपये, तेही जहाजभाडं न धरता! परदेशी गिऱ्हाइकाला दुसरीकडे स्वस्त मिळाला की आपला कांदा चाळीतच. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेलं, शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ पासून तेही उठलं.

कांदा महागला की मेसच्या ताटातून तो सगळ्यात आधी गायब होतो, हेही खरंच. सरकारला शहरातलं गिऱ्हाईकसुद्धा सांभाळायचं असतं. पण माझं मत विचाराल तर शुल्क परवडलं, रातोरात बंदी नको. शुल्काचा निदान हिशोब मांडता येतो. कांदा म्हणजे काही स्टीलचा बार नाही, पडून राहिला की सडतो.

साखरेचं प्रकरण तर थेट जागतिक व्यापार संघटनेत गेलं. ऊसदर आणि निर्यात अनुदान यावरून ब्राझील, ऑस्ट्रेलिया, ग्वाटेमाला यांनी २०१९ मध्ये तक्रार केली. डिसेंबर २०२१ मध्ये निकाल भारताविरुद्ध लागला, त्यावर आपण अपील केलं. गंमत म्हणजे अपील ऐकणारं मंडळ डिसेंबर २०१९ पासूनच सदस्यांअभावी ठप्प! पाटसच्या कारखान्याला ऊस घालणाऱ्याला यातलं किती माहीत असेल?

यात इंजिनिअरचं काय काम? भरपूर. प्रत्येक मालाला एचएस कोड असतो, त्याचे पहिले सहा आकडे जगभर सारखे. फ्रिज ८४१८ मध्ये, साखर १७०१ मध्ये. कोड चुकला की शुल्क चुकतं, आणि यंत्राचा सुटा भाग कुठल्या कोडात बसतो हे मेकॅनिकलवाल्याला जास्त कळतं. दुसरं म्हणजे मानकं. एखादा देश सुरक्षिततेचा किंवा वीजबचतीचा नवा नियम आणतो तेव्हा त्याचा मसुदा इतर देशांना कळवावा लागतो. आपल्याकडे याचं चौकशी केंद्र भारतीय मानक ब्युरो आहे. तो मसुदा वाचून रांजणगावच्या फ्रिजला काय बदलावं लागेल हे सांगणं, हे पक्कं आपलं काम. तिसरं, युरोपचा कार्बन कर. स्टील-अ‍ॅल्युमिनियमसाठी तो १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष लागू झालाय. एका टनामागे किती कार्बन, हा हिशोब वकील करणार नाही.

जायचं कुठे? दिल्लीत वाणिज्य विभागाची इंटर्नशिप योजना आहे, आयआयएफटीचं डब्ल्यूटीओ अभ्यास केंद्र आहे. पुण्यात परकीय व्यापार महासंचालनालयाचं विभागीय कार्यालय आणि मराठा चेंबर. जिनिव्हाचं स्वप्न सध्या बाजूला ठेवा, तिथे पदवीवर पदव्युत्तरचं एक वर्ष मागत आलेत. माझ्या मते सुरुवात एमआयडीसीतल्या एखाद्या निर्यातदार कंपनीच्या डॉक्युमेंटेशन टेबलावरच करावी. अर्जाबरोबर दोन पानी टिपण जोडा: एक वस्तू, तिचा कोड, एक देश, तिथलं शुल्क आणि तिथलं मानक. लायब्ररीत बसलात तर एका रविवारी होतं.