शेवंतीचीं पिवळीं पानें व रात्रीचा उजेड

शेवंती हें नगदी पीक आहे, आणि त्यांतील थोडी चूकही खिशास लागते. अलीकडे शेतांत विजेचे दिवे लावून फुलें बाजाराच्या दिवसावर आणण्याची रीत पुष्कळ ठिकाणीं पडली आहे. तिच्याबरोबर एक गैरसमजही वाढला आहे. पानें पिवळीं दिसूं लागलीं कीं कोणी म्हणतो दिव्यांनीं तीं जाळलीं, कोणी म्हणतो युरिया कमी पडला. पहिला दिवे बंद करतो, दुसरा पोतें फोडतो, आणि नुकसान दोघांचेंही होतें. म्हणून पानाचा प्रश्न व उजेडाचा प्रश्न निरनिराळे करून पाहणें अवश्य आहे.

पान कोठें पिवळें पडलें?

प्रथम "कां" हें न विचारतां "कोठें" हें विचारावें. नत्र व मॅग्नेशियम हीं द्रव्यें झाडाच्या अंगांत फिरतीं आहेत. तुटवडा पडला म्हणजे झाड तीं जुन्या पानांतून काढून कोवळ्या शेंड्यास पुरवतें. म्हणून त्यांची उणीव खालच्या पानांवर आधीं दिसते. लोह एकदां पानांत बसलें कीं तेथून सहसा हलत नाहीं. म्हणून त्याची उणीव शेंड्यावर दिसते. हें ध्यानांत ठेवून पुढीलप्रमाणें पाहणी करावी.

१. खालचीं पानें शिरांसह सबंध फिकट पडलीं व वाढ खुंटली, तर नत्राची उणीव समजावी. १०० लिटर पाण्यांत १ किलो युरिया विरघळवून फवारावा व पुढील नत्र थोडथोडें विभागून द्यावें.

२. खालच्या पानांच्या शिरा हिरव्या व मधला भाग पिवळा, तर मॅग्नेशियमची उणीव. १०० लिटर पाण्यांत १ किलो मॅग्नेशियम सल्फेट फवारावें.

३. शेंड्याचीं पानें पिवळीं, शिरा मात्र हिरव्या, तर लोहाची उणीव. चुनखडीच्या जमिनींत लोह असूनही मुळांस मिळत नाहीं. येथें युरिया ओतून कांहीं साधत नाहीं. १०० लिटर पाण्यांत ५०० ग्रॅम हिराकस व २५० ग्रॅम विरलेला चुना घालून, गाळून, आधीं चार झाडांवर अजमावावें व मग सर्वत्र फवारावें.

४. जमीन ओली असूनही झाड मलूल व पिवळें, तर एक झाड उपटून पाहावें. निरोगी मुळें पांढरीं असतात. तीं काळपट व कुजकट वासाचीं निघालीं, तर आधीं चर काढून पाण्याचा निचरा करावा. तोंवर कोणतेंही खत देऊं नये.

५. पानावर बारीक फिकट ठिपके असल्यास पान उलटून भिंगानें पाहावें. जाळें व हलणारे कण दिसल्यास ती लाल कोळी होय. खालच्या पानांवर काळे डाग व भोंवतीं पिवळेपणा असल्यास तो बुरशीचा रोग समजावा. यांस खत हें औषध नव्हे.

कळ्या भरल्यावर दाटींत सांपडलेलीं तळचीं थोडीं पानें पिवळीं होऊन गळतात. तें वयोमान आहे. त्यावर खर्च करूं नये.

दिवे कशासाठीं?

अमेरिकेंतील शेतकीखात्याच्या गार्नर व अलार्ड या दोघांनीं १९२० सालीं दाखवून दिलें कीं कित्येक झाडें दिवसाच्या लांबीवरून फुलण्याची वेळ ठरवतात. पुढें १९३८ सालीं हॅमनर व बॉनर यांनीं गोखरूच्या जातीच्या एका झाडावर प्रयोग करून सिद्ध केलें कीं झाड वस्तुतः अखंड अंधार मोजतें. शेवंतीही रात्र मोठी झाली म्हणजे कळी धरते. आपल्याकडे जूनमध्यें दिवस सुमारें १३ तासांचा व डिसेंबरांत ११ तासांचा असतो. म्हणून कित्येक जाती दांडा पुरता वाढण्याआधींच कळीवर येतात. रात्रीं १० ते २ दिवे लावल्यानें अंधाराचे दोन तुकडे होतात व झाड वाढत राहतें.

यासाठीं शेंड्यापाशीं सुमारें १०० लक्स उजेड पुरतो. भर दुपारचें ऊन १ लाख लक्सच्या आसपास असतें. जो दिवा उन्हाच्या हजाराव्या हिश्शाइतका, तो उजेडानें पान काय जाळणार? तापणारा दिवा पानास चिकटूं दिला नाहीं म्हणजे झालें. उलट पिवळ्या पानांच्या धास्तीनें मध्येंच दिवे बंद केले, तर आंखूड दांड्यावर कळी बसते आणि तो दांडा पुन्हां लांबत नाहीं.

दिवे बंद करण्याचा दिवस बाजारावरून उलट मोजावा. जातीपरत्वें त्यानंतर ७ ते ११ आठवड्यांनीं फुलें येतात. ९ आठवड्यांच्या जातीचीं फुलें १ नोव्हेंबरला हवीं असतील, तर ३० ऑगस्टला दिवे बंद झाले पाहिजेत. त्यानंतर रस्त्याचा किंवा गोठ्याचा दिवाही पिकावर पडूं देऊं नये. तेवढ्या पट्ट्यांत फुलें मागें पडतात.

आमची हयात पीकपाहणीच्या नोंदींत गेली. त्या अनुभवावरून इतकेंच सुचवतों कीं एक वही करावी व तींत लागवडीची तारीख, दिवे गेलेल्या रात्री, पिवळेपणाची जागा व केलेला उपाय लिहावा. पिवळें झालेलें जुनें पान पुन्हां हिरवें होईलच असें नाहीं. उपायाची परीक्षा नव्या पानावर करावी. एका वेळीं एकच उपाय करून आठ दिवस वाट पाहणारा शेतकरी आपले पैसे व आपलें पीक दोन्ही राखतो.