बदलत्या उष्णतामानाच्या खोलीतील मत्स्यपेटी

परिसर अभ्यासाच्या अध्यापनात जिवंत प्राण्यांचे निरीक्षण मुलांकडून करवून घ्यावे, ही सूचना नवी नाही. ती अमलात आणू पाहणाऱ्या शिक्षकाच्या मनात सर्वप्रथम येते ती माशांची काचपेटी. जागा थोडी लागते, आवाज नाही, घाण नाही, आणि मुले तासन्‌तास तीपुढे उभी राहतात. तथापि पुष्कळ शाळांत या उपक्रमाचा शेवट एकाच प्रकारे होतो. हिवाळ्याच्या अखेरीस शहरातून आणलेले रंगीत मासे होळीपर्यंत ठीक असतात. पुढे एखाद्या सोमवारी वर्ग उघडावा तो मुलांनी नावे ठेवलेले ते मासे पाण्यावर उताणे तरंगताना दिसतात. रविवारी खाणे मिळाले नाही म्हणून ते मेले, असे मुले मानतात. परंतु निरोगी मासा एक दिवसाच्या उपासाने मरत नाही. बहुधा खोली आणि मासा यांचा मेळ बसलेला नसतो, आणि ही गोष्ट मासे विकत घेण्यापूर्वीच तपासता येण्यासारखी असते.

छत्रपती संभाजीनगर जिल्हा दख्खनच्या पठारावर वसलेला आहे. समुद्र दूर असल्यामुळे येथील हवा लवकर तापते आणि लवकर निवते. मे महिन्यात दुपारचे उष्णतामान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे ते १० ते १२ अंशांपर्यंत आणि काही दिवशी त्याहूनही खाली उतरते. हिवाळ्यात तर एकाच दिवसात पहाट व दुपार यांत पंधरा अंशांहून अधिक अंतर पडते. पत्र्याच्या छताच्या वर्गात हे चढउतार अधिकच तीव्र होतात. किनाऱ्यावरील अलिबाग वा रत्नागिरी येथील खोलीत जो मासा सुखाने राहील, तो येथे राहीलच असे नाही.

माशाचे शरीर स्वतःचे उष्णतामान राखीत नाही. बहुतेक सर्व माशांचे अंग भोवतालच्या पाण्याइतकेच उष्ण वा थंड असते. पाणी दहा अंशांनी तापले की माशाची प्राणवायूची गरज सुमारे दुप्पट होते. अडचण अशी की, नेमक्या त्याच वेळी पाण्यातील प्राणवायू कमी होतो. समुद्रसपाटीस १० अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. ३५ अंशांस तो ६.९ मिलिग्रॅमच उरतो, आणि पठाराच्या उंचीवर त्याहूनही किंचित कमी. म्हणजे गरज वाढते तेव्हाच पुरवठा आटतो. उन्हाळ्यात मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागतात, ते भुकेने नव्हे. शिक्षकाने अशा वेळी खाणे टाकले, तर न खाल्लेले अन्न कुजून उरलासुरला प्राणवायूही खर्ची पडतो.

थंडीचा अपाय वेगळ्या रीतीने होतो. मासा सुस्तावतो, पचन मंदावते, रोगांशी झुंजण्याची शक्ती घटते. पाणी एकाएकी गार झाल्यावर काही दिवसांत अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसू लागतात, ती एका सूक्ष्म परजीवीची लागण असते.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. उष्णतामान किती बदलते यापेक्षा ते किती वेगाने बदलते, हे अधिक महत्त्वाचे आहे. महिनाभरात दहा अंशांचा फरक पुष्कळ मासे सोसतात. तोच फरक काही तासांत झाला तर कणखर मासाही आजारी पडतो. हा वेग आवरण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे पाणीच. पाणी सावकाश तापते व सावकाश निवते, आणि ते जितके अधिक तितके सावकाश. शहरातील पाणचक्कीच्या हौदातील मासे पाहिले नाहीत असा सहलीचा विद्यार्थी विरळाच. ते मासे उघड्यावरचा उन्हाळा काढतात, याचे एक मोठे कारण हौदाचा विस्तार हे आहे. त्या हौदाखाली एक प्रशस्त दालन आहे. हौदाचा तळ हेच त्याचे छत, आणि वरील पाण्यामुळे भर उन्हाळ्यातही तेथे गारवा असतो. सहलीला गेलेल्या मुलांस हे दालन अवश्य दाखवावे.

याउलट दुकानात मिळणारा वाटोळा काचेचा वाडगा. त्यात चार-पाच लिटर पाणी मावते, ते दुपारी तापते आणि रात्री निवते. शिवाय तोंड अरुंद असल्याने हवेशी त्याचा संपर्कही थोडा. हा वाडगा शाळेने वा घराने कधीही घेऊ नये. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद व ३० उंच अशी पेटी असावी. तीत काठोकाठ ५४ लिटर पाणी बसते, हे गणित पाचवीच्या मुलांकडूनच करवून घ्यावे; आणि तेवढ्या पाण्याचे वजन किती, हेही त्यांनाच विचारावे, म्हणजे डुगडुगणाऱ्या टेबलावर पेटी ठेवण्याचा विचार आपोआप सुटेल.

मासे आणण्यापूर्वी पेटी नुसती पाण्याने भरून दोन आठवडे ठेवावी आणि मुलांकडून रोज नोंद करवून घ्यावी. ताप पाहण्याचा थर्मामीटर येथे चालत नाही, कारण त्यावर ३५ अंशांखालील आकडे नसतात. प्रयोगशाळेतील साधा थर्मामीटर घ्यावा. शाळा उघडताच एक नोंद व सुटण्यापूर्वी एक नोंद, आणि शेजारी तांब्याभर पाणी ठेवून त्याचीही तीच नोंद. तांब्यातील पाणी हवेमागोमाग धावते आणि पेटीतील पाणी मागे रेंगाळते, हे आकड्यांवरून मुलांच्या ध्यानी येते. खोलीची हवा दुपारी दोनच्या सुमारास सर्वांत तप्त असली, तरी पेटीचे पाणी संध्याकाळकडे सर्वांत तापलेले आढळते. अशी नोंद एकदा हिवाळ्यात व एकदा मार्च-एप्रिलच्या सकाळच्या शाळेच्या दिवसांत घेतली, म्हणजे त्या खोलीतील पाण्याची नीचतम व उच्चतम मर्यादा हाती येते. मासा निवडायचा तो या दोन आकड्यांवरून. पेटी पश्चिमेच्या भिंतीशी आणि खिडकीच्या उन्हात नसावी, एवढी दक्षता घेतली तरी दोन-तीन अंश वाचतात.

निवडीच्या बाबतीत एका गैरसमजापासून जपले पाहिजे. ‘तापक यंत्रावाचून राहणारे मासे’ अशी यादी पुष्कळ पुस्तकांत दिलेली असते. ही पुस्तके बहुधा थंड देशांत लिहिलेली असतात, आणि तेथे याचा अर्थ थंड खोलीत राहणारे मासे एवढाच होतो. आपल्याकडे यंत्रावाचून म्हणजे जानेवारीत गार आणि मे महिन्यात कढत. या यादीत हमखास आढळणारा ‘व्हाइट क्लाउड’ मासा चीनमधील ग्वांगझूजवळच्या डोंगरातील थंड ओढ्यांचा. एका बालवीर पथकाच्या नायकास तो आढळला आणि १९३२ साली त्याच्याच आडनावावरून माशाला शास्त्रीय नाव मिळाले, ही कथा मुलांस सांगण्याजोगी आहे; परंतु तो मासा आपल्या एप्रिलमध्ये तग धरणार नाही. गोल्डफिशची गोष्ट थोडी निराळी. तो थंडी उत्तम सोसतो. पण वीतभर वाढतो, पाणी फार घाण करतो आणि त्याला प्राणवायू भरपूर लागतो. उथळ, रुंद सिमेंटच्या हौदात तो ठीक. छोट्या पेटीत पहिला उन्हाळाच त्याचा शेवटचा ठरतो.

या जिल्ह्याच्या हवेत सर्वप्रथम विचार करावा तो झेब्रा माशाचा. हा भारतीय उपखंडातलाच. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या खोऱ्यातील माशांवरील १८२२ च्या ग्रंथात त्याचे वर्णन केले. गंगेच्या मैदानातील उथळ डबकी व भातखाचरांचे पाट येथे तो राहतो, आणि तेथेही हिवाळा कडक व उन्हाळा प्रखर असतो. बोटाच्या दोन पेरांएवढे शरीर, त्यावर निळसर उभ्या नव्हे तर आडव्या रेघा, आणि स्वभाव अखंड चपळ. पाण्याचे उष्णतामान १८ ते ३० अंशांत असले तर तो सुखी असतो; त्यापलीकडे थोडे गेले तरी बदल सावकाश असल्यास निभावतो. त्याचा गर्भ पारदर्शक असून अंडे दोन-तीन दिवसांत फुटते, यामुळे जगभरच्या प्रयोगशाळांत हा मासा अभ्यासिला जातो. सहा ते आठ झेब्रे एकत्र ठेवावेत. एकटा मासा भेदरून कोपरा धरतो.

त्याच ग्रंथात वर्णिलेला दुसरा मासा, दुकानदार ज्यास ‘रोझी बार्ब’ म्हणतात तो, थंडी झेब्र्याहूनही चांगली सोसतो. नर विणीच्या काळात तांबूस होतो, मादी रुपेरी राहते. मात्र तो अंगाने मोठा होतो, म्हणून पन्नास लिटरांच्या पेटीत पाच-सहांहून अधिक ठेवू नयेत.

गप्पी मासा मुलांच्या ओळखीचा असतो, कारण डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य खाते तो हौदांत व साचलेल्या पाण्यात सोडते. तो मूळचा त्रिनिदाद व व्हेनेझुएलाकडचा. उष्णता तो छान सोसतो, पण १८ अंशांखाली मंदावतो. आपल्या काळ्या पाषाणातील विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी अनेकदा जड असते आणि गप्पीस तसलेच मानवते, हा त्याचा मोठा गुण. दुकानातील लांब शेपटाच्या शोभिवंत गप्पीपेक्षा हौदातला साधा गप्पी अधिक काटक असतो. मादी महिन्याकाठी जिवंत पिले देते, त्यामुळे संख्या भराभर वाढते. वाढलेले मासे ओढ्यात, नदीत वा पाझर तलावात सोडू नयेत. हौसेने पाळून सोडून दिलेल्या परदेशी सकर माशाने भारतातील अनेक नद्या-जलाशयांत ठाण मांडले आहे.

निऑन टेट्रा, एंजल, डिस्कस हे ॲमेझॉनच्या खोऱ्यातले मासे दिसण्यात मोहक. परंतु वर्षभर जवळजवळ एकसारख्या उबदार पाण्याची त्यांस सवय असते. फायटर मासा हवेतून श्वास घेऊ शकतो म्हणून उन्हाळा काढतो, पण हिवाळ्यातील पहाट त्यास बाधते. नियंत्रकासह तापक यंत्र बसविल्यास हिवाळ्याचा प्रश्न सुटतो हे खरे. परंतु भारनियमन असलेल्या गावी, रात्री बंद असणाऱ्या शाळेत त्यावर भिस्त ठेवता येत नाही, आणि उन्हाळ्यावर तर त्याचा काहीच इलाज नाही.

मुले कधी गिरिजेतून वा शिवनेतून पकडलेले मासे आणतात. वाहत्या पाण्यातला मासा पेटीत गुदमरतो. पाझर तलावातील लहानसे रुपेरी मासे त्या मानाने टिकतात. मरळीचे पिलू मात्र पेटीत घेऊ नये. आटत्या तळ्याच्या चिखलातही हवा घेऊन जगणारा हा मासा कणखर खराच, पण उरलेले सर्व मासे तो खाऊन टाकील.

उन्हाळ्यात पेटी गार ठेवण्याची युक्ती प्रत्येक घरातील माठात आहे. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषली जाते. पन्नास लिटरांतील अर्धा लिटर पाणी उडाले, तर हिशेबाने बाकीचे पाणी जवळजवळ सहा अंशांनी निवावे. प्रत्यक्षात खोलीची उष्णता आत शिरतच राहते, म्हणून दोन-तीन अंशांचाच लाभ होतो. पण तोच अनेकदा जीव वाचवितो. यास्तव काचेच्या झाकणाऐवजी जाळी घालावी, पेटीच्या बाजूंस ओले गोणपाट गुंडाळावे, दुपारी पृष्ठभागावर पंख्याचा वारा घ्यावा. उडालेल्या पाण्याची भर रोज घालावी. बर्फ टाकू नये. हिवाळ्यात तेच गोणपाट कोरडे करून रात्री गुंडाळावे आणि खाणे निम्म्यावर आणावे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा महिन्याहून अधिक काळ बंद असते, आणि तोच काळ माशांना सर्वांत कठीण. सुट्टीत मासे कोणाच्या घरी, कोणत्या सावलीत राहतील, हे मासे आणण्यापूर्वी ठरवावे. ते ठरत नसेल, तर त्या वर्षी पेटीत पाणवनस्पती व गोगलगाई ठेवून अभ्यास करावा.

मासे आणण्यास जुलै-ऑगस्ट हा काळ उत्तम. आभाळ भरलेले असल्याने दिवस-रात्रीच्या उष्णतामानातील अंतर तेव्हा सर्वांत थोडे असते. नव्या माशाला पाण्याची सवय होते आणि पुढे थंडीही हळूहळू येते. नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून मगच पेटीत भरावे. माशांची पिशवी ओल्या कापडात गुंडाळून आणावी, वीस मिनिटे पेटीच्या पाण्यावर तरंगत ठेवावी, मग तीत पेटीचे पाणी वाटीवाटीने घालावे, आणि त्यानंतरच मासे जाळीने उचलून आत सोडावेत. पहिल्या दिवशी त्यांस काही खाऊ घालू नये.