वाऱ्याशी शर्यत

[अमेरिकेत सरळ रस्त्यावर मोटारींची एक शर्यत लावतात. तिला ‘ड्रॅग रेसिंग’ म्हणतात. या शर्यतीतील गाडी काही सेकंदांतच प्रचंड वेग घेते. अशा वेळी हवा गाडीला कशी अडवते, कशी मदत करते आणि चालकाच्या जिवाशी तिचा काय संबंध आहे, हे या पाठात सांगितले आहे.]

विद्यार्थी मित्रांनो, समोरून जोराचा वारा येत असताना तुम्ही कधी सायकल चालवली आहे का? पायांत ताकद असूनही सायकल पुढे सरकत नाही. मग तुम्ही काय करता? मान खाली घालता, पाठ वाकवता. लगेच थोडे हलके वाटते. कारण आता तुमच्या अंगावर कमी हवा आदळते.

आता दुसरे उदाहरण पाहा. चूल नीट पेटत नसली की फुंकणीने फुंकर घालतात. हवा मिळताच जाळ भडकतो. म्हणजे जी हवा सायकलस्वाराला अडवते, तीच चुलीला मदत करते. शर्यतीच्या मोटारीला हवेची ही दोन्ही रूपे एकाच वेळी भेटतात.

ड्रॅग रेसिंगमध्ये दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात. हिरवा दिवा लागला की त्या सुटतात. रस्त्यात एकही वळण नसते. शर्यतीचे जुने अंतर पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर आहे. सर्वांत वेगवान गाड्यांना ‘टॉप फ्युएल’ म्हणतात. त्या लांब, निमुळत्या आणि बाणासारख्या दिसतात. हजार फुटांचे अंतर त्या चार सेकंदांपेक्षा कमी वेळात कापतात. तेव्हा त्यांचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्याही पुढे गेलेला असतो.

एवढी शक्ती येते कोठून? इंजिनात इंधन जळते, त्यातून शक्ती मिळते. पण हवेतील ऑक्सिजनशिवाय इंधन जळत नाही. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १५ किलो हवा लागते. म्हणून जास्त शक्ती हवी असेल, तर इंजिनाला जास्त हवा दिली पाहिजे.

यासाठी काही गाड्यांच्या बॉनेटवर पुढे उघडे असणारे एक उंच तोंड बसवतात. त्याला ‘स्कूप’ म्हणतात. वाऱ्यासमोर कापडी पिशवी उघडी धरली की ती फुगते ना? स्कूपचेही तसेच आहे. गाडी धावू लागली की समोरची हवा आपोआप त्यात शिरते. स्कूप उंच का ठेवतात? बॉनेटला अगदी चिकटून वाहणारी हवा मंद झालेली असते. थोड्या उंचीवर मात्र ती स्वच्छ आणि वेगवान असते. स्कूपचे तोंड लहान असते आणि आतली वाट हळूहळू रुंद होत जाते. रुंद जागेत हवेचा वेग कमी होतो आणि दाब वाढतो. ताशी ३०० किलोमीटर वेगाला असा वाढीव दाब फार तर ४ टक्के मिळतो. तुम्ही म्हणाल, एवढासाच? पण जेथे सेकंदाच्या हजाराव्या भागाने हारजीत ठरते, तेथे ४ टक्के ही मोठी कमाई असते. ‘प्रो स्टॉक’ नावाच्या गाड्यांवर असे स्कूप अनेक वर्षे दिसत. २०१६ साली नियम बदलले आणि ते काढून टाकण्यात आले.

टॉप फ्युएल गाडीची भूक मात्र स्कूपने भागत नाही. तिचे इंजिन ८.२ लिटरचे असते. तिच्यासाठी हवा कोंबणारे यंत्र लावतात. त्याला ‘सुपरचार्जर’ म्हणतात. लोहाराचा भाता तुम्ही पाहिला असेल. सुपरचार्जर हा इंजिनाचा भाताच समजा. इंजिनच पट्ट्याच्या साहाय्याने त्याला फिरवते. ही कल्पना १८६० च्या दशकात अमेरिकेतील रूट्स बंधूंनी काढली. त्यांचे यंत्र भट्ट्यांना हवा पुरवू लागले. पुढे तसेच यंत्र डिझेल बसच्या इंजिनावर आले आणि तेथून शर्यतीच्या गाडीवर! या गाडीचे इंधनही वेगळे असते. त्याचे नाव नायट्रोमिथेन. त्यात स्वतःचाच ऑक्सिजन असतो. एक किलो नायट्रोमिथेनला जेमतेम १.७ किलो हवा पुरते. म्हणून तेवढ्याच हवेत कितीतरी अधिक इंधन जाळता येते.

आता हवेचे दुसरे रूप पाहू. वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट होतो. म्हणून गाडीचे नाक निमुळते करतात. पण केवळ अडथळा कमी करून भागत नाही. चाके जमिनीला घट्ट चिकटली नाहीत, तर ती जागच्या जागी फिरतील आणि शक्ती वाया जाईल. विमानाचा पंख विमानाला वर उचलतो. या गाडीच्या मागे तसाच पंख उलटा बसवतात. त्यामुळे हवा गाडीला खाली दाबते. भरवेगात हा दाब गाडीच्या स्वतःच्या वजनापेक्षाही जास्त असतो. अर्थात, पंखामुळे अडथळा थोडा वाढतो. एक मिळवायचे तर दुसरे थोडे सोडावे लागते.

ही विद्या माणसांनी सहज मिळवली नाही. डॉन गार्लिट्स हे अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातले नामवंत चालक. आपल्या गाड्यांना त्यांनी गमतीने ‘स्वॅम्प रॅट’, म्हणजे दलदलीतला उंदीर, असे नाव दिले होते. त्या काळी इंजिन पुढे असे आणि चालक त्याच्या मागे बसे. काही बिघडले की आग, तेल आणि लोखंडाचे तुकडे थेट त्याच्या अंगावर येत. ८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियातील एका शर्यतीत गार्लिट्स यांच्या गाडीची गिअरपेटी सुटतानाच फुटली. गाडीचे दोन तुकडे झाले. त्यांच्या उजव्या पायाच्या पंजाचा काही भाग गेला.

दुसरा कोणी असता तर त्याने शर्यतीला रामराम ठोकला असता. गार्लिट्स यांनी मात्र वेगळा विचार केला. इंजिन चालकाच्या मागे नेले तर? असे प्रयोग पूर्वीही झाले होते. पण त्या गाड्या सरळ धावत नसत. गार्लिट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोष शोधला. स्टिअरिंग थोडे फिरवले तरी चाके फार वळत होती. त्यांनी स्टिअरिंग मंद केले आणि गाडी सरळ धावू लागली. १९७१ मध्ये त्या गाडीने कॅलिफोर्नियातील पोमोना येथील मोठी शर्यत जिंकली. काही वर्षांतच सर्वांनी इंजिन मागे नेले.

१९८६ मध्ये गार्लिट्स यांनी आणखी निमुळती गाडी बनवली. चालकाची जागाही वरून झाकली. या गाडीने ताशी ४३८ किलोमीटरचा वेग गाठला. पण त्याच वर्षी एका शर्यतीत तिचे नाक वर उचलले गेले. हवा तिच्याखाली शिरली आणि गाडी मागच्या चाकांवर उभी राहून उलट दिशेला फिरली! सुदैवाने गार्लिट्स वाचले. ज्या हवेला चुकवण्यासाठी गाडी बनवली, तिनेच गाडीला उचलले होते. नाक उचलले जाऊ नये म्हणून आता पुढेही एक लहान पंख असतो आणि मागे टेकू देणारी छोटी चाके असतात.

तरीही धोका संपला नाही. २००८ साली स्कॉट कलिटा या चालकाचा शर्यतीत मृत्यू झाला. त्यानंतर सर्वांत वेगवान गाड्यांचे अंतर पाव मैलावरून हजार फूट, म्हणजे सुमारे ३०५ मीटर करण्यात आले. थांबायला जागा मिळावी, हा त्यामागचा हेतू.

आणि गाडी थांबवते कोण? तेथेही हवाच! शेवटची रेषा ओलांडताच चालक मागचे पॅराशूट उघडतो. ते हवेने फुगते आणि गाडीला मागे खेचते.

मित्रांनो, हवा कोणाची शत्रू नाही की मित्र नाही. ती आपल्या नियमाने वागते. तो नियम जो समजून घेतो, त्याला ती साथ देते. जो विसरतो, त्याला ती क्षमा करत नाही.

शब्दार्थ
निमुळता – टोकाकडे बारीक होत जाणारा
इंधन – जळून शक्ती देणारा पदार्थ
भाता – आगीला हवा देण्याचे लोहाराचे साधन
अडथळा – अडचण, रोखणारी गोष्ट
रामराम ठोकणे – कायमचे सोडून देणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) एक किलो पेट्रोल जळण्यासाठी सुमारे किती हवा लागते?
(आ) गार्लिट्स यांनी इंजिन कोठे नेले?
२. कारणे द्या.
(अ) स्कूप बॉनेटपासून उंच ठेवतात.
(आ) गाडीच्या मागे उलटा पंख बसवतात.
३. ‘हवा अडवते’ आणि ‘हवा मदत करते’ याची पाठातील प्रत्येकी दोन उदाहरणे लिहा.
४. उपक्रम : कागदाची दोन विमाने करा, एक रुंद नाकाचे व एक निमुळत्या नाकाचे. कोणते दूर जाते, ते पाहून पाच वाक्ये लिहा.