प्रयोग : व्याकरणातला आणि प्रयोगशाळेतला

मराठीत 'प्रयोग' हा शब्द व्याकरणात, रंगभूमीवर आणि प्रयोगशाळेत भेटतो. या पाठात आपण पहिला आणि तिसरा अर्थ शेजारी ठेवून पाहू. उदाहरण घेतलं आहे कॉक्लियर इम्प्लांटचं आणि त्यासाठी वापरलेल्या मांजरांचं.

आधी यंत्र समजून घेऊ. आपल्या अंतर्कर्णात शंखासारखा वळलेला भाग असतो, तो कॉक्लिया. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच गोगलगाय. त्यातल्या केसपेशी कंपनांचं विद्युतसंदेशात रूपांतर करतात. त्या मोठ्या प्रमाणात नष्ट झाल्या तर साधं श्रवणयंत्र फारसं उपयोगी पडत नाही, कारण ते आवाज फक्त मोठा करतं. इम्प्लांटमध्ये कानामागचा मायक्रोफोन आवाज टिपतो, प्रोसेसर त्याचे कंपनसंख्येनुसार भाग पाडतो आणि शंखात सरकवलेले इलेक्ट्रोड थेट श्रवणतंतूंना उत्तेजित करतात.

हे ज्ञान आलं कुठून? १९५७ साली पॅरिसमध्ये जूर्नो आणि एरिएस यांनी एका बहिऱ्या माणसाचा श्रवणतंतू विजेने उत्तेजित केला. पुढे १९६०च्या दशकात ऑस्ट्रेलियाचे ग्रॅम क्लार्क मांजरांवर प्रयोग करू लागले. त्यांचे वडील औषधविक्रेते होते आणि त्यांना ऐकू कमी येई. विजेच्या ठोक्यांचा वेग एका मर्यादेपलीकडे गेला की श्रवणतंत्राला तो नीट पाळता येत नाही, असं या प्रयोगांतून दिसलं. म्हणजे बोलणं कळायचं तर एक इलेक्ट्रोड पुरणार नव्हता. १ ऑगस्ट १९७८ रोजी मेलबर्नमध्ये रॉड सॉन्डर्स यांच्या कानात क्लार्क यांचं अनेक इलेक्ट्रोडांचं यंत्र बसलं. नंतर १९९९ साली जर्मन संशोधकांनी जन्मतः बहिऱ्या पांढऱ्या मांजरांच्या पिल्लांना इम्प्लांट बसवून दाखवलं, की मेंदूचा श्रवणभाग त्यामुळे कामाला लागतो. उशीर झाला तर हा परिणाम घटतो, हे पुढच्या अभ्यासांत दिसलं. लहानपणीच शस्त्रक्रिया करावी, या सल्ल्याला हाही एक आधार आहे.

माझ्या मामेभावाला हे यंत्र आहे. मागून हाक मारली की तो वळतो. आमच्या घरी मांजर आहे, तीही हाकेला वळते. त्यामुळे हा विषय मला निव्वळ पुस्तकी वाटत नाही.

आता व्याकरणाकडे. "मांजरांची श्रवणशक्ती घालवली गेली." हा नवीन कर्मणी प्रयोग. शोधनिबंधांची भाषा बहुतेक अशीच असते. निओमायसिनसारख्या औषधाने प्राणी बहिरे केले जात, पण वाक्यात करणारा दिसत नाही. तेच कर्तरीत म्हणून बघा: "आम्ही मांजरांची श्रवणशक्ती घालवतो." माहिती तीच, पण आता जाब कुणाला विचारायचा ते कळतं.

दुसरा शब्द 'सॅक्रिफाइस'. प्रयोग संपल्यावर प्राणी मारला, याऐवजी इंग्रजीत असं लिहायची रीत आहे. मराठीत त्याला 'बळी' म्हणावं लागेल. आम्हा ख्रिस्ती लोकांना हा शब्द जड वाटतो, कारण आमच्या श्रद्धेच्या केंद्रस्थानी जो बळी आहे तो स्वेच्छेने दिलेला आहे. मांजराला कुणी विचारलं नव्हतं.

मग हे सगळं चूकच का? कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ असे प्रयोग वाजवी मर्यादेत, माणसाच्या उपचारासाठी मान्य करतो. प्राण्यांना विनाकारण दुःख देणं मात्र मानवी प्रतिष्ठेच्या विरुद्ध मानतो. १९५९ साली रसेल आणि बर्च यांनी तीन कसोट्या मांडल्या: पर्याय शोधा, प्राण्यांची संख्या घटवा, वेदना कमी करा. मला हीच वाट पटते. मामेभावाकडे बघून मी त्या जुन्या प्रयोगांना नाकारू शकत नाही. पण तेव्हा झालेला फायदा म्हणजे पुढच्या प्रत्येक प्रयोगाचा परवाना नव्हे. आज इम्प्लांट वापरणारी माणसं स्वतः सांगू शकतात, संगणकावर शंखाची प्रतिकृती करता येते. जो प्रश्न तिथे सुटतो, त्यासाठी मांजर नको.

पुढच्या बैठकीसाठी स्वाध्याय: विज्ञानाच्या एखाद्या बातमीतलं कर्ता गाळलेलं वाक्य शोधा, कर्ता घालून पुन्हा लिहा आणि दोन्ही मोठ्याने वाचून दाखवा. फरक काय पडला, त्यावर बोलू.