घर कौन्सिलला देताना

लंडनमधलं घर मागे ठेवून भारतात परतणारी मंडळी मला बरेचदा विचारतात, "कौन्सिलला भाड्याने दिलं तर?" द्या, असंच मी सांगते. मात्र करार सुरू कसा होतो यापेक्षा तो संपतो कसा, हे आधी वाचा.

पुण्याला परतताना आम्ही पश्चिम लंडनमधलं आमचं दोन बेडरूमचं घर तिथल्या कौन्सिलला तीन वर्षांच्या लीजवर दिलं. कौन्सिल असं घर मालकाकडून घेते आणि बेघर कुटुंबाची त्यात तात्पुरती सोय करते. भाडं बाजारभावापेक्षा कमी, पण महिन्याच्या महिन्याला येतं. दोन कुटुंबांच्या मधल्या काळात घर रिकामं राहिलं तरी आमचं भाडं चालू होतं. परदेशात राहून घर सांभाळणाऱ्याला हे फार सोयीचं.

कौन्सिलची निकडही खरी असते. इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त कुटुंबं अशा तात्पुरत्या निवाऱ्यात राहतात. मुलंबाळं असलेल्या कुटुंबाला बी अँड बीच्या खोलीत ६ आठवड्यांपेक्षा जास्त ठेवू नये असा नियम आहे, म्हणून खासगी घरं घ्यावी लागतात. पुढे कायमचं घर मिळायला लंडनमध्ये वर्षानुवर्षं जातात.

आमचं घोडं तिथेच अडलं. लीजची मुदत संपली, घर विकायचं होतं, गिऱ्हाईकही ठरलं होतं. आणि आत एक आई दोन मुलांना घेऊन राहत होती. तिला हलवायची जबाबदारी कौन्सिलची, पण त्यांच्याकडे दुसरी जागा नव्हती. कित्येक महिने गेले, गिऱ्हाईक गेलं. मुदतीअंती रिकामा ताबा देऊ, असं करारात होतं. ताबा लांबला तर भाडं कोणत्या दराने आणि नुकसान कोणी भरायचं, याबद्दल अवाक्षर नव्हतं. या दोन गोष्टी सहीपूर्वी लिहून घ्या. मुदतीआधी करार मोडायचा हक्क फक्त कौन्सिलला आहे की तुम्हालाही, तेही पाहा. आणि घर परत हवं असेल तर निदान सहा महिने आधी लेखी कळवा.

हलण्यापूर्वी त्या बाईंना मी भेटले. बाथरूमच्या छताला काळी बुरशी धरली होती आणि धाकट्याचा खोकला जात नव्हता. त्यांनी केलेल्या तक्रारींच्या ईमेल फोनवर दाखवल्या. त्यातली एकही आमच्यापर्यंत आली नव्हती. कौन्सिलचं म्हणणं, दोष बांधकामाचा, खर्च मालकाचा. मी एक्झॉस्ट पंख्याची जाळी काढली तर आत धुळीचा थर इतका घट्ट बसलेला की पाती हलत नव्हती. त्याची देखभाल करारानुसार त्यांच्याकडे होती. घर देताना आम्ही काढलेल्या व्हिडिओत पंखा चालू होता, जाळीला लावलेला टिश्यू पेपर चिकटून राहिलेला स्पष्ट दिसत होता. तेवढ्यावर वाद मिटला. असा तारखेसह व्हिडिओ काढाच, आणि रहिवाशांच्या तक्रारींची प्रत तुम्हालाही मिळेल, असं कलम घाला. ओलीचा त्रास मालकाच्या आधी तिथे झोपणाऱ्या मुलांना होतो. त्या कुटुंबावर राग काढणं तर सर्वस्वी चूक. दुसरीकडे जायची सोय असती तर ते तिथे राहिलेच नसते.

मॉर्गेज असेल तर बँकेची परवानगी लागते, फ्लॅट असेल तर बहुधा फ्रीहोल्डरचीही. विमा कंपनीला घर कोणासाठी देताय ते लेखी सांगा. गॅसची तपासणी दरवर्षी, विजेची दर ५ वर्षांनी. मालक परदेशात राहत असेल तर भाड्यातून २० टक्के कर कापला जातो; पूर्ण भाडं हातात हवं असेल तर ब्रिटिश करखात्याकडे एनआरएल १ हा अर्ज करून मंजुरी घ्यावी. त्याने कर माफ होत नाही, विवरणपत्र भरावंच लागतं.

घर जरूर द्या, तिथे त्याची फार गरज आहे. पण कौन्सिलने पाठवलेला कागद हा मसुदाच असतो. आपल्या सॉलिसिटरकडून ताब्याचं कलम नीट करून घेतल्याशिवाय त्यावर सही करू नका.